ऐकणारे शिरस्त्राण

लढाईची शिरस्त्राणे जमवणाऱ्याच्या घरी आपण गेलो की नजर आधी माथ्यावर खिळते. पोलादाचा घाट, कडेचा बाक, रंगाच्या दोन थरांमधून डोकावणारा तांबूस गंज, एखादा पोचा आणि त्या पोच्यामागची खरी-खोटी कहाणी; संग्राहकही कौतुकाने हेच दाखवत असतो. रसिकाने मात्र क्षणभर माथा विसरावा आणि कान पाहावा, असे मला वाटते. डोके वाचवणे हे काम तसे सरळ आहे. जाड, कठीण, गोलसर असे काही डोक्यावर ठेवले की ते बऱ्यापैकी साधते. कानापाशी आल्यावर मात्र शिरस्त्राण घडवणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते, कारण तिथे त्याला बाहेरचा कल्लोळ अडवायचा असतो आणि त्याच वेळी त्या कल्लोळातून हवा तो एकच आवाज आत घ्यायचा असतो.

मोगल आणि मराठी आमदानीतला खूद आठवून पाहा. पोलादाचा देखणा घुमट, नाकावर उतरणारी सरकती पट्टी, तुरे खोवण्यासाठी कपाळाशी बसवलेल्या नळ्या, आणि घुमटाच्या कडेपासून कानांवर-मानेवर उतरलेली बारीक कड्यांची जाळी. ही जाळी तलवारीची धार अडवी, पण आवाज अडवीत नसे. नगाऱ्याचा घोष आणि कर्ण्याची लांबलचक हाक तिच्यातून झिरपून आत पोहोचे. त्या काळी हुकूमच मुळी इतका मोठा असे की कानाला वेगळी सोय लागत नसे. पुढे पहिल्या महायुद्धात 1915 साली ब्रिटिशांचा ब्रॉडी टोप आला. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, रुंद कडेचा हा टोप कानाचा विचारच करीत नाही. त्याने कान उघडेच सोडले. जर्मनांनी 1916 मध्ये आपल्या टोपाचे पोलाद कानांवरून खाली ओढले. त्याने कान तर वाचला, पण ऐकू येणे मंदावले आणि आत आवाज घुमू लागला, म्हणून 1918 मध्ये त्याच टोपाच्या दोन्ही बाजूंना कानापाशी खाच काढलेला एक प्रकार बनवला गेला. संग्राहक या खाचेच्या टोपासाठी जीव टाकतात. ते दुर्मिळतेपायी, मला तो आवडतो तो एका कबुलीसाठी. योद्ध्याला ऐकूही यावे लागते, हे पोलादाने त्या खाचेत मान्य केले आहे.

आता या कुळातली माझी सर्वांत लाडकी वस्तू आपण हातात घेऊ. ती पोलादाची नाही. रणगाड्यातल्या सैनिकाची ही काळ्या जाड कापडाची, सोव्हिएत घडणीची टोपी, तिकडे टीएश-4 या नावाने ओळखली जाणारी. सोव्हिएत रणगाडे आणि चिलखती गाड्या आपल्या सैन्यात आल्या, त्यांच्याबरोबर या जातीची टोपीही आली. नागपूरकरांना तिच्यासाठी फार लांब जायला नको. 1821 साली ब्रिटिशांनी वसवलेल्या कामठीच्या छावणीत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. 1949 मध्ये जुन्या चार नामांकित पलटणी एकत्र करून उभे राहिलेले, गरुडाचे चिन्ह मिरवणारे हे दल पुढे मोठ्या प्रमाणावर बीएमपीसारख्या चिलखती गाड्यांवर आरूढ झाले, आणि अशा गाडीत बसणाऱ्या चालकाच्या डोक्यावर याच कुळातली गादीदार टोपी चढते.

गंमत अशी की, ही टोपी गोळी अडवीत नाही. गोळीची चिंता बाहेरच्या चिलखताने वाहायची. टोपी सैनिकाला वाचवते ती त्याच्याच रणगाड्यापासून. खाचखळग्यांतून चाळीस टनांचे धूड उसळत निघाले की आतल्या माणसाचे डोके कधी छताच्या लोखंडावर, कधी दुर्बिणीच्या चौकटीवर आदळते. म्हणून टोपीच्या माथ्यावरून, कपाळावरून आणि मागच्या बाजूने कापडात शिवलेले जाड उंचवटे ओळीने गेलेले असतात. बोटे त्यांवरून फिरवली की आजीच्या गोधडीचा स्पर्श आठवतो. शिवणीचा टाका ठसठशीत, गादीचा फुगवटा भरीव, आणि दोन उंचवट्यांमधली घळ इतकी नेमकी की टोपी मुडपून खिशात कोंबली तरी पुन्हा आपल्या आकारात येते. आतून उन्हाळी टोपीला मऊ अस्तर असते, हिवाळी टोपीला लोकर. लोकरीची टोपी नागपूरच्या मे महिन्यात दोन मिनिटे डोक्यावर ठेवावी आणि मग सैबेरियाचा विचार करावा; तिचा शिवणारा कोणत्या थंडीला उत्तर देत होता, हे घामच सांगतो.

पण आपण कान पाहायला निघालो होतो. टोपीच्या दोन्ही बाजूंना फुगीर कप्पे आहेत आणि त्यांत हेडफोन बसवले आहेत. कप्प्याची मऊ कड कानाभोवती घट्ट टेकते. टी-72 रणगाड्यातले 780 अश्वशक्तीचे बारा सिलिंडरांचे इंजिन, पट्ट्यांचा खडखडाट, तोफेचा धक्का, या सगळ्यांच्या मधोमध मुठीएवढी शांत जागा घडवायची आणि त्या जागेत माणसाचा आवाज आणून ठेवायचा, एवढे अवघड काम या दोन कप्प्यांवर सोपवले आहे. पुढे एकटा बसलेला चालक आपल्या कमांडरला पाहू शकत नाही. त्याच्यासाठी कमांडर म्हणजे कानातला एक आवाज. डावे म्हटले की डावे, थांब म्हटले की थांब.

आणि तो आवाज घेतला कुठून जातो? इथे मात्र आपण जरा रेंगाळू, कारण या वस्तूतला सर्वांत रसाळ तपशील हाच आहे. ओठांसमोर माइक नाहीच. हनुवटीखाली, गळ्याभोवती एक अरुंद पट्टा येतो, त्याचे बटण लागते आणि पट्ट्यावरच्या दोन छोट्या चकत्या कंठमण्याच्या दोन बाजूंना कातडीला टेकतात. हा गळ्याचा माइक. तो हवेतला आवाज ऐकतच नाही, म्हणून इंजिनाची गर्जना त्याच्या दृष्टीने जवळजवळ नसतेच. कंठातल्या स्वरतंतूंचा कंप कातडीतून त्याच्यापर्यंत येतो आणि चुंबक व तारेच्या वेटोळ्याच्या आधाराने वीज होऊन पुढे जातो. आपल्या वर्णमालेवर वाढलेल्या माणसाला याचे मर्म कळायला वेळ लागू नये. क-ग, च-ज, ट-ड, त-द, प-ब अशा अघोष-घोष जोड्या आपण बालपणीच घोकल्या. घोष वर्ण उच्चारताना गळ्यावर बोट ठेवले तर थरथर जाणवते, अघोषाला ती नाही, हे व्याकरणाच्या तासाला कुणीतरी आपल्याला करूनही दाखवलेले असते. गळ्याचा माइक म्हणजे नेमके तेच बोट. स्वर आणि घोष व्यंजने त्याच्यातून भरघोस येतात. श, ष, स ही दात-टाळूपाशी नुसत्या श्वासाच्या घर्षणाने होणारी अक्षरे वाटेतच विरतात. सात आणि साठ हे दोन आकडे या पट्ट्यातून उच्चारून पाहा. दोन्हींचा पोटातला 'आ' तेवढा दुमदुमत पोहोचेल. वायरलेसवर आकडे एकेक करून, सावकाश, प्रसंगी दोनदा म्हणण्याची जी शिस्त असते, तिचे मोल या चकत्यांकडे पाहिले की आपसूक पटते. जे कंठातून आले तेवढेच खरे मानणारे हे यंत्र मला फार सुसंस्कृत वाटते.

टोपीतून निघालेली तार छातीवरच्या एका चपट्या पेटीत जाते. पेटीवर खटका. एका बाजूला केला की बोलणे रणगाड्यातल्या सोबत्यांपुरते. दुसऱ्या बाजूला केला की तेच बोलणे आर-123 या वायरलेस संचातून बाहेर, दूरवरच्या दुसऱ्या रणगाड्यांत. घरातले बोलणे आणि गावात बोलायचे बोलणे यांच्यामधला उंबरठा अंगठ्याएवढ्या खटक्यावर आणून ठेवण्यातली ही सफाई! हातमोज्यातल्या बोटालाही कळावा इतका तो ठळक आहे, आणि त्याचा 'खट्' असा आवाज जुन्या नगातही टवटवीत असतो.

तारेच्या मध्ये एक जोड असतो, त्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. तो मुद्दाम असा घडवला आहे की जोराने ओढले की निसटावा. रणगाडा पेटला आणि झाकणातून उडी घ्यायची वेळ आली, तर प्लग काढायला कुणाला फुरसत असणार? अंगाच्या ओढीनेच तार सुटली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांच्या वायरलेस सेट नंबर 19 च्या हेडसेटलाही असाच झटक्याने सुटणारा जोड असे. त्या संचाची एक मौज जाता जाता सांगायला हवी: कॅनडात बनलेल्या अनेक नगांच्या दर्शनी पाटीवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरेही आहेत, कारण मित्रराष्ट्रांची मदत म्हणून ते सोव्हिएत रणगाड्यांसाठी पाठवले जात. पाश्चात्त्य आणि सोव्हिएत अशी जी दोन घराणी आपण संग्रहाच्या फडताळात वेगळी मांडतो, ती एका पाटीवर शेजारी नांदलेली पाहताना मन प्रसन्न होते.

महाराष्ट्रात या साऱ्या परिवाराचे दर्शन घ्यायचे तर अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जावे. 1994 मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे झाडांखाली, उघड्या आवारात उभे आहेत. विजयंता आहे, जिंकून आणलेला पॅटन आहे. सगळे भव्य आणि सगळे मुके. त्यांच्यापुढे उभे राहताना मला नेहमी 16 डिसेंबर 1971 ची, शकरगडच्या रणातली बसंतरची लढाई आठवते. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल आपल्या सेंच्युरियनमध्ये होते. रणगाड्याला आग लागली होती, आणि वायरलेसवरून तो सोडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, तेव्हा रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी कळवले आणि वायरलेस बंद केला. मरणोत्तर परमवीरचक्राच्या या कथेत आपण सहसा तोफेकडे पाहतो. मला तो बंद केलेला वायरलेस दिसतो. ज्या साधनाची सारी रचना हुकूम कानापर्यंत पोहोचवण्यासाठी, त्याने आपले काम चोख बजावले, हुकूम पोहोचला. आणि मग माणसाने त्या साधनापलीकडचा निर्णय घेतला. हेडसेटचा संग्रह करणाऱ्याला हे माहीत असावे, नाहीतर त्याच्या हातात नुसते रबर आणि तार उरते.

रबराचे म्हणाल, तर आपले हवामान या वस्तूंचे वैरी आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात कानाच्या कडा कडक होऊन तडकतात, पावसाळ्यात पट्ट्याच्या चामड्याला बुरशी येते आणि प्लगच्या पितळेवर हिरवी पूड धरते. पत्र्याच्या पेटीत कोंडून ठेवण्यापेक्षा सुती कापडात सैल गुंडाळून, टोपीत कागदाचा बोळा भरून, हवेशीर सावलीत ठेवलेली बरी. ती धुऊ नये. आतल्या अस्तरावरचा घामाचा डाग आणि शाईने लिहिलेला पुसट क्रमांक हा तिचा जन्मदाखला असतो; स्वच्छतेच्या हौसेपायी तो घालवलेले नग मी पाहिले आहेत आणि हळहळलो आहे. आणखी एक पथ्य. आपल्या सैन्याचे आज वापरातले सामान कुणी चोरून आणून देऊ केले, तर हात जोडून नाही म्हणावे. संग्रह निकामी ठरलेल्या जुन्या वस्तूंचाच शोभतो.

बाजारात येणाऱ्या या टोप्यांचे बहुधा हालच झालेले असतात. तांब्यासाठी तार कापलेली, कानाचे कप्पे रिकामे, गळ्याचा पट्टा तर जवळजवळ नेहमीच बेपत्ता. विकणारा माथा झटकून चकचकीत करून देतो आणि घेणाराही त्यावर खूश होतो. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, निवृत्त सैनिकाच्या पेटीत किंवा भंगाराच्या ढिगात अशी टोपी आपल्याला सापडली, तर एवढे करा: तार कापू देऊ नका, जोड तोडू नका, आणि गळ्याच्या त्या दोन चकत्या ढिगात पुन्हा एकदा शोधा. टोपी दुसरी मिळेल. तो पट्टा सहसा मिळत नाही.