डोकं मास्टहेडच्या पुढे की मागे?

संगीताच्या मासिकांच्या डिझाइनबद्दल गप्पा निघाल्या की पाच मिनिटांत कुणीतरी ‘रे गन’चं नाव काढतंच. अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेलं हे मासिक. डेव्हिड कार्सन त्याचा आर्ट डायरेक्टर. ओळी एकमेकींवर चढलेल्या, रकाने तिरके, मथळे अर्धवट कापलेले. यातला सगळ्यात गाजलेला किस्सा १९९४चा. ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत कार्सनला कंटाळवाणी वाटली, म्हणून त्याने ती अख्खी ‘झाफ डिंगबॅट्स’ या फाँटमध्ये लावून टाकली. या फाँटमध्ये अक्षरंच नाहीत. तारे, बाण, कात्री, फुलं. पान दिसायला भारी, वाचायला शून्य.

हा किस्सा बंडखोरीचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि सांगताना एक तपशील बहुतेक वेळा गळतो. तीच मुलाखत त्याच अंकात मागच्या पानांवर साध्या, वाचता येणाऱ्या टाइपात छापलेली होती.

मला किश्श्यापेक्षा हा तपशील जास्त आवडतो. पुढच्या पानावरचं बंड मागच्या पानाच्या भरवशावर उभं होतं. कार्सनला कमी लेखायचं नाहीये मला, त्याची पानं मी तासन्‌तास बघितली आहेत. पण रुळलेली मांडणी म्हणजे कल्पनाशक्तीची हार, हे जे त्याच्या नावावर खपवलं जातं, ते मला पटत नाही.

उलट बाजूचा अतिरेकही आहेच. ब्रिटनमधल्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीज विषयात बरीच वर्षं एक ठरलेलं प्रोजेक्ट होतं: नव्या संगीत-मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान तयार करा. शेकडो मुलांनी ते केलं. वर मास्टहेड, म्हणजे मासिकाच्या नावाची पाटी. मधोमध कॅमेऱ्यात रोखून बघणारा एक चेहरा, त्याचं डोकं मास्टहेडवर थोडं चढलेलं. डावी-उजवीकडे कव्हरलाइन्स, कोपऱ्यात बारकोड. आत गेलं की लेखाच्या सुरुवातीला ड्रॉप कॅप आणि मधे मोठ्या अक्षरात उचललेलं एखादं वाक्य. सगळं जागच्या जागी. नसतं ते एकच: हे असं का?

‘का’ची उत्तरं साधी आहेत आणि बरीचशी दुकानात सापडतात. स्टॉलवर मासिकं एकमेकांवर सरकवून ठेवतात, तेव्हा प्रत्येकाची डावीकडची पट्टीच तेवढी दिसते. ब्रिटनच्या ‘क्यू’ मासिकाने १९८६ साली लाल चौकोनातलं आपलं एकच अक्षर वर डावीकडे बसवलं. बाकी अख्खं मुखपृष्ठ झाकलं गेलं तरी नाव दिसणारच. (आधी नाव ‘सीयूई’ या स्पेलिंगचं ‘क्यू’ ठरत होतं. ते स्नूकरचं मासिक वाटेल म्हणून एका अक्षरावर आलं म्हणतात.) २०२० साली ‘क्यू’ बंद पडलं. चौकोनाची नक्कल अजून चालू आहे, जिथे स्टॉलच नाही तिथेसुद्धा.

चेहऱ्याने मास्टहेड झाकण्याचंही तसंच. ‘रोलिंग स्टोन’ स्वतःच्या नावातली तीन-चार अक्षरं झाकू शकतं, कारण उरलेल्यांवरून ओळख पटते. तो संकेत म्हणजे ‘आम्हाला तुम्ही ओळखताच’ असं म्हणणं. ज्याचा पहिलाच अंक निघतोय त्याने हे म्हणणं म्हणजे लग्नात न बोलावता जाऊन हार घालून घेणं.

याच ‘रोलिंग स्टोन’ची सुरुवात बघा. सॅन फ्रान्सिस्को, १९६७. शहरभर सायकेडेलिक पोस्टर्स लागलेली, अक्षरं मेणासारखी वितळलेली, जाणूनबुजून वाचायला अवघड केलेली. त्या माहोलात ९ नोव्हेंबरच्या तारखेचा पहिला अंक आला तो न्यूजप्रिंटवर, सरळ रकान्यांत, एखाद्या जुन्या शहाण्या वर्तमानपत्रासारखा. ‘संडे रॅम्पार्ट्स’ नावाचं एक पत्र होतं, तिथे संपादक यान वेनर आधी काम करत होता. मांडणी बरीचशी तिथूनच उचललेली. नावाची अक्षरं तेवढी रिक ग्रिफिन या पोस्टरवाल्या चित्रकाराची. मुखपृष्ठावर सिनेमातल्या सैनिकाच्या वेषात जॉन लेनन.

ही निवड मला ‘रे गन’पेक्षा धाडसाची वाटते. त्या काळी रॉक म्हणजे पोरांचा गोंगाट. त्यावर लिहिलेलं गांभीर्याने वाचलं जावं, तर राजकारणाच्या बातम्यांचा पोशाखच त्याला चढवायचा. कंटाळवाणी मांडणी हाच तिथे दावा होता: हे संगीत बातमी आहे.

ब्रिटनमधल्या ‘स्मॅश हिट्स’चा (१९७८) दावा वेगळा. निक लोगनच्या या मासिकात चालू हिट गाण्यांचे शब्द छापलेले असत, आणि पोरं तेवढ्यासाठीही विकत घेत. म्हणजे पानाचं पहिलं काम काय? तर रेडिओ चालू असताना, मोठ्याने गाताना, पुढची ओळ पटकन सापडणं. इथे तिरकी ओळ चालणार नाही. त्याच लोगनने १९८०मध्ये ‘द फेस’ काढलं. तिथे नेव्हिल ब्रॉडीने ‘कंटेंट्स’ हा शब्दच अंकागणिक थोडा थोडा मोडत नेला, शेवटी नुसते आकार उरेपर्यंत. मात्र तो शब्द दर महिन्याला त्याच कामावर हजर असायचा, त्यामुळे वाचक हरवला नाही. मोडणं असं असावं.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का बोलतेय? आम्ही चौघं मराठीत एक छोटं संगीत-मासिक काढतोय, फोनवर वाचायचं पीडीएफ, आणि मांडणी माझ्याकडे आहे. गेले दोन महिने हे संकेत एकेक करून देवनागरीवर आपटून फुटताना बघतेय.

एक प्रयोग करा. कुठल्याही इंग्रजी शब्दाचा खालचा अर्धा भाग अंगठ्याने झाका, शब्द बहुतेक वाचता येईल. आता मराठी शब्दावर तेच करा. हाती उरते शिरोरेषा आणि वरच्या मात्रा-वेलांट्या. घ-ध, भ-म अशा काही जोड्या वरून ओळखता येतात, पण आपल्या अक्षरांची ओळख जास्त करून रेषेखालच्या अंगात असते. डोकं तर खालूनच वर चढतं! म्हणजे रोमन लिपीला परवडणारी ही ऐट मराठी मास्टहेडला महागात पडते. डोकं मागे.

ड्रॉप कॅपही तसाच. ‘किती’ या शब्दातलं पहिलं अक्षर मोठं करायचं तर वेलांटीसकट उचलावं लागतं, आणि मग ‘कि’ची रेषा एका उंचीवर, ‘ती’ची दुसऱ्या. एक शब्द दोन मजल्यांवर राहायला जातो. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषेचे तुकडे. कॅपिटल अक्षरं तर आपल्याकडे नाहीतच, त्यामुळे ओरडायचं तर वजनाने नाहीतर आकाराने. जोडपानाचा प्रश्न फोनने आपोआप सोडवला: जोडपानच नाही.

पहिल्या अंकाचा मुख्य लेख एका बेंजो पार्टीवर आहे. नऊ जण. यातला रोखून बघणारा एक चेहरा कोणता? कीबोर्डवाल्याचा, कारण तो देखणा? एकाला पुढे काढलं की बाकीचे आठ साथीदार होतात, आणि रस्त्यावर ते तसे नसतात. नऊच्या नऊ ठेवले. चेहरे लहान झाले, फोनवर तर फारच. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, हे मुखपृष्ठ नसून गॅदरिंगचा ग्रुप फोटो आहे. त्याचं चूक नाही. तरी मी हलले नाही.

लेख दाखवायला गेले तेव्हा पार्टीच्या मालकांनी मथळ्याकडे, फाँटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “ताई, नंबर नीट वाचता येतोय ना?” एवढंच. सीझनची बुकिंगं त्या नंबरवर येतात. मुखपृष्ठावर उजवीकडे खाली बारकोडची जागा रिकामीच होती, पीडीएफला कसला बारकोड. नंबर तिथे टाकलाय, पांढऱ्या चौकोनात काळे आकडे.