बहिणाबाईंच्या कवितेतील उरलेल्या वस्तू

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेची चर्चा बहुधा तिच्यातील सुभाषितवजा ओळींपासून सुरू होते. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ही गाणी प्रसिद्ध झाली, आणि निरक्षर तत्त्वज्ञ ही प्रतिमा पुढे रूढ झाली. ती सर्वस्वी खोटी म्हणता येणार नाही. परंतु तिच्यापायी चूल, तवा, घरोट, गोंदण या वस्तू दृष्टान्तापुरत्या कामी येतात व दृष्टान्त संपताच टाकून दिल्या जातात.

या मताची कसोटी वैधव्यावरील ‘आता माझा माले जीव’ या कवितेवर पाहावी. असोद्याची ही लेक जळगावी नांदावयास आली आणि तिशीच्या सुमारास विधवा झाली. कवितेत शोक आहेच. त्याची मांडणी मात्र हिशेबाची आहे. कुंकू पुसले, गोंदण राहिले. बांगड्या फुटल्या, मनगटातील कर्तृत्व राहिले. मंगळसूत्र तुटले, गळ्याची शपथ राहिली. गेलेली प्रत्येक वस्तू बाहेरून चढविलेली, तर उरलेली प्रत्येक गोष्ट देहाशी सांधलेली आहे. रूढीला जे काढून नेता आले ते तिने नेले; जेथे तिचा हात पोचला नाही त्याची ही मोजदाद होय. यास सांत्वन म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. झाड निघून गेले आणि सावली मागे उरली, ही प्रतिमाही याच कवितेतील. तेथे उरण्यात सुख कोठे आहे? आहे तो केवळ अचंबा.

या कवितेशेजारी ‘घरोट’ ठेवून वाचावी. घरोट म्हणजे जाते. ज्यातून पीठ येते त्याला ‘जाते’ म्हणू नये, असा वाद कवयित्री त्या दगडाच्या नावाशीच घालते. एरवी हा श्लेष म्हणून सोडून देता आला असता. वर गेलेल्या वस्तूंची यादी वाचून आलेल्या वाचकाला मात्र ‘जाणे’ या क्रियापदावरील हा आक्षेप इतका हलका वाटत नाही.

ही गाणी कामाच्या ओघात स्फुरत; पुत्र सोपानदेव व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी ती टिपून घेतली. संसारावरील प्रसिद्ध कविता आपण सुविचार म्हणून पाठ करतो. चुलीवर तवा ठेवणाऱ्या बाईला तो चटका आधी हातावरच बसलेला असतो.