उशिरा परतलेला नायक

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जपानी खेळमालिकेवर मी लिहीत आहे, हे कळल्यावर आमच्या येथील मंडळातील एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला विचारले, “अहो, पोरांच्या खेळावर कसली समीक्षा लिहिता?” प्रश्न रास्त होता. व्हिडिओ गेमला कलाकृती म्हणावे की न म्हणावे, या वादात मी शिरत नाही. त्या मालिकेतील एक प्रसंग तेवढा येथे सांगतो आणि मग पुढे जातो.

१९९८ साली आलेल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’ या भागाचा नायक लिंक हा एका अरण्यात वाढलेला मुलगा आहे. या अरण्यातील मुले कधीच मोठी होत नाहीत. लिंक मात्र त्यांच्यातला नव्हे. तो बाहेर पडतो, एका मंदिरातील चौथऱ्यात रोवलेली पवित्र तलवार उपसतो, आणि ती पेलण्याचे त्याचे वय नसल्यामुळे सात वर्षे निद्रिस्त राहतो. जागा होतो तेव्हा तो तरुण झालेला असतो आणि राज्य दुष्टाच्या हाती गेलेले असते. तो आपल्या अरण्यात परततो. तेथे मिडो नावाचा मुलगा, जो पूर्वी त्याला सतत हिणवीत असे, त्याला ओळखीतही नाही. पुढे लिंकची बालमैत्रीण सारिया कायमची अंतरल्यावर हाच मिडो या परक्या तरुणाजवळ एक निरोप देतो: लिंक नावाचा कोणी कोठे भेटला तर त्याला सांगा, सारिया त्याची वाट पाहत होती, आणि मी त्याच्याशी वाईट वागलो याचा मला खेद होतो, हेही सांगा. लिंक काही बोलत नाही. या मालिकेत तो कधीच बोलत नाही. खेळणाऱ्याने त्याच्या जागी स्वतःला ठेवावे, अशी त्यामागील योजना आहे. परंतु या ठिकाणी ती तांत्रिक सोय एकाएकी अर्थपूर्ण होते. ज्याचा निरोप त्यालाच मिळाला आहे, आणि तो मीच, असे त्याला सांगता येत नाही.

हा प्रसंग ज्याने रचला त्याला वाङ्मयाची जाण नव्हती, असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

मालिकेचा पहिला भाग २१ फेब्रुवारी १९८६ रोजी जपानात प्रसिद्ध झाला. तो काढणारी निन्टेंडो ही क्योतोची कंपनी १८८९ साली स्थापन झाली, ती पत्ते तयार करण्यासाठी. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे या खेळाचे मूळ रचनाकार. मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे या गावी वाढले. तेथील डोंगरांतून भटकताना एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन आपण तीत शिरलो, ही आठवण त्यांनी पुष्कळदा सांगितली आहे. पहिल्या भागात खेळणाऱ्याला एका माळावर आणून सोडलेले असते. कोठे जावे हे कोणी सांगत नाही, समोर गुहेचे काळे तोंड तेवढे दिसते. पुढे २०१७ च्या भागाचे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी अंतरांचा अंदाज यावा म्हणून खेळातील भूमीवर क्योतोचा नकाशा ठेवून पाहिला होता. कल्पित राज्य आखावयाचे तर माप परिचित गावाचे घ्यावे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

या मालिकेवरचा नेहमीचा आक्षेप असा, की तीत तेच तेच येते. हायरूल नावाचे राज्य, झेल्डा नावाची राजकन्या, गॅनन नावाचा दुष्ट, आणि हिरवा किंवा निळा अंगरखा घातलेला लिंक. दर खेपेस माणसे नवी असतात, नावे तीच. २०११ साली जपानात निघालेल्या एका अधिकृत ग्रंथाने सर्व भागांची कालानुक्रमे मांडणी करून ‘ऑकरिना’नंतर इतिहासाला तीन फाटे फुटतात असे ठरविले, आणि जगभरचे चाहते त्या वंशावळीत रमून गेले. मला त्या खटाटोपात रस वाटत नाही. पोटासाठी दिवसभर फायलींची क्रमवारी लावणाऱ्या माणसाला घरी आल्यावर तोच उद्योग नको असतो, हेही कारण असेल. पण हरिकथेला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच. बुवा आज कोणत्या ठिकाणी थांबतात, याकडे त्याचे लक्ष असते. झेल्डाच्या उत्तम भागांत कथा जेथे थांबते ते ठिकाण बहुधा एकच आहे: नायक परत येतो, आणि त्याला उशीर झालेला असतो. राजकन्येची सुटका, राक्षसाचा वध ही सारी चौकट होय.

माझे मत पक्षपाती असण्याचा संभव आहे. वाईजवळच्या आमच्या गावी मी दोन वर्षांनी रजेवर जातो तेव्हा शेजारचे काका विचारतात, “कधी आलास? किती दिवस आहेस?” पहिल्या प्रश्नात आपुलकी असते, दुसऱ्याने आपण पाहुणे झालो हे कळते. मागल्या खेपेस रस्तारुंदीत दारचा कडुनिंब गेलेला दिसला. ही गोष्ट मला कोणी फोनवर सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी बातमी आहे असे तेथे कोणालाच वाटले नव्हते. त्यानंतर काही महिन्यांनी, महागाई भत्त्याच्या थकबाकीतून घेतलेल्या जुन्या यंत्रावर ‘ऑकरिना’ खेळत असता, ज्या बाजारपेठेत कुत्री बागडत होती आणि एक जोडपे नाचत होते तेथेच सात वर्षांनंतर प्रेते उभी असलेली पाहिली, आणि मी यंत्र बंद करून गच्चीवर गेलो. तेव्हा वाचकांनी माझ्या मतांतून तेवढे वजा करावे.

‘मेजोराज मास्क’ (२०००) या भागात उशिराचे हेच सूत्र उलटे केलेले आहे. चंद्र पृथ्वीवर कोसळण्यास तीन दिवस उरले आहेत. लिंक तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा मागे नेतो. त्याने ज्यांना मदत केली ते सारे विसरतात, तो एकटा विसरत नाही. कल्पना अप्रतिम आहे. एरव्ही मधली भुयारे मला कंटाळवाणी वाटली.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये नायक शंभर वर्षांनी जागा होतो, तोही स्मृती गमावून. दीर्घायुषी झोरा जातीतले वृद्ध त्याला ओळखतात, परंतु त्यांची राजकन्या मिफा त्या युद्धात गेली, याचा राग धरून. ज्याला काही आठवत नाही त्याला इतरांच्या स्मरणाचा जाब द्यावा लागतो. याच भागातील एक उपकथा मात्र मला मुख्य कथेहूनही प्रिय आहे. हडसन नावाचा एक बांधकाम करणारा कारागीर ओसाड जागी नवे गाव वसवू पाहतो. ज्याचे नाव ‘सन’ या अक्षरांनी संपते त्यालाच नोकरीस घ्यावयाचे, असा त्याच्या मालकाचा विक्षिप्त नियम. (सेवाभरतीचे याहून चमत्कारिक नियम आम्ही पाहिले आहेत.) लिंक चार दिशांहून चार निरनिराळ्या जमातींची माणसे आणून देतो, घरे उभी राहतात, दुकाने लागतात, आणि हडसनचे वाळवंटातून आलेल्या रॉन्डसनशी लग्न होते. कोणी कोणाच्या गावचा नाही, आणि तरी वस्ती झाली. सरकारी वसाहतीत राहणाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही.

२०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’विषयी मात्र माझी तक्रार आहे. झेल्डा भूतकाळात जाऊन पडते. परतण्याचा मार्ग नसल्याने ती एक मणी गिळून अमर नाग होते. असे करणारा स्वतःला कायमचा विसरतो, पुन्हा माणूस होत नाही, हे आपल्याला स्पष्ट बजावलेले असते. हजारो वर्षे ती तुटलेली तलवार मस्तकी धारण करून आकाशात फिरते आहे, हे उमगते तो क्षण साऱ्या मालिकेत अद्वितीय आहे. आणि शेवटी काय होते? दोन मृतात्मे येतात, प्रकाश पसरतो, ती पूर्ववत होते. लिंकचा गमावलेला हातही परत मिळतो. किंमत सांगितली, ती वसूल होणार असे वाटले, आणि ऐन वेळी बिलच रद्द केले. खेळणारा दुःखी होऊ नये ही दया समजू शकते, पण आधीच्या साठ-सत्तर तासांत त्याने जे मानले त्याचा तीत उपमर्द होतो.

हे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते असे नाही. २००२ च्या ‘द विंड वेकर’वर तेव्हा बरीच टीका झाली, कारण त्यातील चित्रे पोरकट व्यंगचित्रांसारखी होती. प्रत्यक्षात सर्वांत प्रौढ भाग हाच. हायरूल महासागराच्या तळाशी बुडालेले आहे; डोंगरांची शिखरे तेवढी बेटे होऊन उरली आहेत, आणि त्यांवर राहणाऱ्यांना खालच्या राज्याची गंधवार्ता नाही. खलपुरुष गॅननडॉर्फला ते राज्य वर हवे आहे. आपल्या वाळवंटात वारा मृत्यू घेऊन येई, म्हणून या हिरव्या भूमीवरच्या वाऱ्याचा आपण लोभ धरला, असे तो सांगतो. त्याचे गाऱ्हाणे खोटे वाटत नाही. पण वर मागण्याची संधी मिळते तेव्हा बुडालेल्या राज्याचा म्हातारा राजाच पुढे होतो आणि ते राज्य कायमचे पाण्याखाली जावे, मुलांना त्यांची स्वतःची भूमी मिळावी, असे मागतो. पाणी कोसळू लागते. लिंक त्याच्याकडे हात पसरतो. राजा खालीच राहतो.

माझी मुलगी गुवाहाटीत जन्मली. ‘घरी जाऊ’ असे ती म्हणते तेव्हा तिला वसाहतीतले तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड अभिप्रेत असते. शेवटचा प्रसंग तिने माझ्या शेजारी बसून पाहिला आणि विचारले, “बाबा, ते आजोबा वर का नाही आले?” मी म्हणालो, त्यांचे गाव तेथे होते. तिने थोडा वेळ विचार केला. मग माझ्या हातून नियंत्रक घेतला आणि खेळ पुन्हा पहिल्या बेटापासून सुरू केला.