हुजूर पक्षाचे हृदयपरिवर्तन

आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ब्रिटनमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा हुजूर पक्षाच्या पंतप्रधानाने आणला. मग परंपरावादी माणूस बदलत नाही, असे आपण कसे म्हणता?" प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून या पक्षाच्या पुढाऱ्यांची तीन भाषणे मी समोर ठेवली. पुढाऱ्यांचे भाषण हेही वाङ्मयच आहे. त्याचीही समीक्षा झाली पाहिजे.

पहिले भाषण मार्गारेट थॅचर यांचे, ऑक्टोबर १९८७ मधले. मुलांना पारंपरिक नीतिमूल्ये शिकवण्याऐवजी समलिंगी असण्याचा हक्क शिकवला जातो, अशी त्यांची तक्रार. पुढच्याच वर्षी २८ वे कलम आले. स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांना उत्तेजन देऊ नये, शाळांतून अशा संबंधांना कुटुंब म्हणून मान्यता देऊ नये, असे त्याने बजावले. अशा माणसांचे कुटुंब म्हणजे कुटुंबाचे नुसते सोंग, अशी त्या कायद्याची भाषा होती. मात्र याच थॅचरबाईंनी १९६६ साली विरोधी बाकांवर असताना समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त करण्याच्या बाजूने मत दिले होते. म्हणजे परंपरावादी माणूस बदलतो, पण सत्तेला शत्रू हवा असेल तेव्हा तो मागेही जातो.

दुसरे भाषण डेव्हिड कॅमेरॉन यांचे, ऑक्टोबर २०११ मधले. २००० साली हे कलम रद्द करण्याच्या प्रयत्नावर टीका करणारे कॅमेरॉन २००९ मध्ये त्याबद्दल माफी मागतात, आणि २०११ मध्ये सांगतात की आपण परंपरावादी असूनही नव्हे, तर परंपरावादी आहोत म्हणूनच समलिंगी विवाहाला पाठिंबा देतो. विवाहाने माणसे एकमेकांना बांधली जातात आणि समाज बळकट होतो, हा त्यांचा युक्तिवाद. येथे क्षणभर थांबले पाहिजे. १९८८ मध्ये मोजपट्टी कुटुंबाचीच होती, २०११ मध्येही तीच आहे. पूर्वी जे त्या मापात बसत नव्हते, ते आता बसतात, एवढेच. जो आमच्यासारखा संसार मांडील त्याला हक्क. जो मांडणार नाही त्याचे काय, याचे उत्तर या भाषणात नाही.

मला येथे १९३३ साल आठवते. मंदिरप्रवेशाच्या विधेयकाला पाठिंबा देण्यास बाबासाहेबांनी नकार दिला, कारण ते विधेयक अस्पृश्यतेला पाप म्हणत नव्हते. दार उघडणाऱ्याच्या औदार्यापेक्षा दार बंद करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न त्यांना मोठा वाटला. तरीही मी विवाहाच्या कायद्याला तुच्छ लेखणार नाही. ज्याला जोडीदाराशी विवाह करता येत नव्हता, त्याच्यासाठी तो कागद फार मोठा आहे. पण तो कागद हृदयपरिवर्तनातून आला नाही. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी कॉमन्स सभागृहात विधेयक ४०० विरुद्ध १७५ मतांनी पुढे गेले, तेव्हा हुजूर पक्षाच्या सभासदांत बाजूच्यांपेक्षा विरोधकच जास्त होते. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट सभासदांच्या मतांनी ते तरले. २८ वे कलमही स्कॉटलंडमध्ये २००० साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००३ साली गेले. ते हुजूर पक्षाने काढले नाही. त्यामागे १९८८ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यावर उतरलेली हजारो माणसे होती.

तिसरे भाषण थेरेसा मे यांचे, एप्रिल २०१८ मधले. राष्ट्रकुलातील अनेक देशांत समलिंगींना गुन्हेगार ठरवणारे कायदे ब्रिटनने दिले, याबद्दल त्यांनी तीव्र खेद व्यक्त केला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ३७७ वे कलम त्यांपैकीच एक. भाषण चांगले आहे. पण त्याच वर्षीच्या जुलैत याच सरकारने काय केले ते पाहा. समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करावा, असे बंधन ब्रिटिश संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले होते. तेथील दलित संघटनांनी त्यासाठी झगडा केला होता, आणि अनेक हिंदू संघटनांनी विरोध. मे सरकारने जाहीर केले की असा कायदा करणार नाही. न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याबद्दल खेद, आणि आज आपल्या दारात उभ्या असलेल्या जातीबद्दल टाळाटाळ! खेदाला मते गमवावी लागत नाहीत.

मात्र हे बोट आपल्याकडेही वळते. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ व्या कलमातून मुक्त केले, तेव्हा निकालात आधार घेतला तो बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेचा. आणि आपल्या बैठकांत? या विषयावर अजून हशा पिकतो. दलित समलिंगी तरुण गावात जातीने मारला जातो आणि वस्तीत टवाळीने. आपण त्याला आपला कार्यकर्ता म्हणतो, पण त्याचे दुःख आपल्या ठरावात येत नाही.

त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर एवढेच: परंपरावादी बदलतो, पण त्याला बदलावे लागते तेव्हा. त्याच्या भाषणाला टाळी वाजवण्याआधी तो कोणाला अजून दाराबाहेर ठेवतो आहे ते पाहा. आणि मग आपल्याही घराचे दार पाहा.