वासुदेवशास्त्री खरे : मिरजेतून दिसलेली मराठेशाही

वासुदेवशास्त्री खरे (1858–1924) मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. ते करता करता त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले मोडी कागद वाचले, लावले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे 12 खंड हयातीत काढले. नुसती पत्रे न छापता ते आधी त्या काळची हकिकत सांगतात. पदवीवाचून, घरीच मोडी शिकलेल्या माझ्यासारख्याला या हकिकतींनीच वाट दाखवली. पण सावध राहावे लागते ते तिथेच. पत्रे पटवर्धनी छावणीतली. हैदर काय, करवीरकर काय, सगळे त्या राहुटीतूनच दिसतात, आणि शास्त्रीबुवांची लेखणीही पुष्कळदा तिकडेच झुकते. ‘आपले’ सरदार चुकले तरी ती हळुवार होते. हल्ली मी आधी पत्रे वाचतो, मग हकिकत.