मार्शल यांचा पेला

हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूची गोष्ट वर्गात हमखास रंगते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये रुग्णांच्या जठरातून काढलेल्या तुकड्यांत वळणदार जीवाणू दिसले. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांच्या साथीने १९८२ मध्ये ते प्रयोगशाळेत वाढवता आले. अल्सरचे मूळ या जीवाणूत आहे, हे कोणी मानेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल जीवाणूंनी भरलेला पेला स्वतःच प्याले, त्यांना अल्सर झाला, औषध घेऊन ते बरे झाले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. लेखांतून, भाषणांतून गोष्ट साधारण अशीच सांगितली जाते. आम्हीही ती अनेकदा अशीच सांगितली आहे.

पण मार्शल यांना अल्सर झालाच नव्हता. त्यांना झाला तो जठरदाह, म्हणजे जठराच्या अस्तराची सूज. निरोगी जठरात हा जीवाणू तग धरतो आणि दाह निर्माण करतो, एवढेच त्या पेल्याने दाखवले. अल्सरबाबतचा पुरावा पुढे आला, आणि त्यात नाट्य फारसे नव्हते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात अल्सर असलेले १०० रुग्ण होते. अल्सर भरून आल्यावर वर्षभरात तो पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण जीवाणू टिकून राहिलेल्यांत ८४ टक्के, तर जीवाणू गेलेल्यांत २१ टक्के आढळले. नोबेलच्या मागे खरा भार या आकड्यांचा आहे. शिवाय त्यातले २१ टक्केही बोलके आहेत: जीवाणू गेला तरी काहींचा अल्सर परतलाच. गोष्टीत मात्र आकडे गळतात आणि पेला उरतो.

एका शब्दाची ही चूक निरुपद्रवी नाही. आमचे एक शिक्षक स्नेही मध्यंतरी रक्ताचा अहवाल घेऊन आले. त्यावर 'एच. पायलोरी प्रतिपिंडे : पॉझिटिव्ह' असे ठळक छापले होते. 'म्हणजे अल्सर निघाला!' ते म्हणाले. गोष्ट त्यांना पाठ होती. जीवाणू म्हणजे अल्सर हे समीकरण त्यांनी आमच्यासारख्यांकडूनच उचलले होते.

वस्तुस्थिती अशी की आपल्या देशातील अनेक पाहण्यांत निम्म्याहून अधिक प्रौढांत या जीवाणूचा संसर्ग आढळतो, आणि संसर्ग झालेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांनाच आयुष्यात कधी अल्सर होतो. त्यातही रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे शरीराने ठेवलेली जुनी नोंद. जीवाणू नष्ट झाल्यावरही ती कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. आज पोटात काय चालले आहे, हे त्या कागदावरून कळत नाही. अहवाल खोटा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

आजचा संसर्ग ओळखायचा तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी करतात, नाहीतर दुर्बिणीतून जठराचा तुकडा काढतात. हा जीवाणू युरिएज नावाचे विकर तयार करतो. ते युरियाचे विघटन करून अमोनिया सोडते. जठराचा तुकडा युरिया आणि फिनॉल रेड असलेल्या माध्यमात ठेवला की अमोनियामुळे माध्यम अल्कधर्मी होते आणि पिवळ्याचा रंग गुलाबी-लाल होतो. दर्शकाचा प्रयोग आपण दरवर्षी करतो. तोच इथे दवाखान्यात भेटतो. पेल्याच्या गोष्टीला जोड द्यायची तर हीच द्यावी.

हाच प्रयोग उलटूही शकतो. आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधे चालू असतील तर जीवाणूंची संख्या आणि युरिएजची क्रिया मंदावते आणि जीवाणू असूनही निकाल 'नाही' असा येतो. म्हणून तपासणीपूर्वी ती दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचे. अडचण अशी की 'पित्ताची गोळी' हे औषध आहे असे कोणाला वाटतच नाही. (या 'पित्ता'चाही घोळच आहे: पुस्तकातले पित्त यकृतात तयार होते, घरातले पित्त म्हणजे जठराचे आम्ल.) डॉक्टरांनी 'काही औषधे चालू आहेत का?' असे विचारले की 'काही नाही' असे आपण म्हणतो, आणि गोळी खिशात असते.

आमच्या स्नेह्यांची दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा जठरात लहानसा अल्सर खरोखरच होता. जीवाणू मात्र सापडला नाही. मग डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारले, तेव्हा कळले की गुडघेदुखीसाठी ते आठ महिने रोज डायक्लोफेनॅक घेत होते. अल्सरच्या कारणांत या जीवाणूबरोबरच अशा वेदनाशामकांचा क्रम वरचा आहे. शिवाय सकाळची पित्ताची गोळीही चालूच असल्याने, जीवाणू नाही हा निकालही पक्का धरता येईना. तो तपास पुन्हा करायचे ठरले. 'गुडघ्याचे औषध पोटाच्या डॉक्टरांना कशाला सांगायचे?' असे त्यांना वाटले होते. आमच्या गोष्टीत गुडघा कुठेच नव्हता.