‘विघटनशील’ या संज्ञेविषयी

काळाचौकीच्या बाजारात भाजी ज्या पिशवीतून मिळते, तीवर क्वचित ‘विघटनशील’ असा शब्द छापलेला आढळतो. २३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून या शब्दास विशेष वजन प्राप्त झाले आहे. तो कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

‘-शील’ हे उत्तरपद स्वभाव दाखविते. सहनशील मनुष्य कोठेही गेला तरी सहनशीलच असतो. तद्वत विघटन हा या वस्तूचा स्वभाव असून तीस स्थळकाळाची अपेक्षा नाही, असा अर्थ निघतो. वस्तुस्थिती तशी नाही.

मोरिस लमॉन्य यांनी १९२६ साली पाश्चर संस्थेत एका जिवाणूतील पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट (पीएचबी) ओळखले. कार्बन विपुल आणि नायट्रोजन तुटपुंजा असला, म्हणजे काही जिवाणू हे द्रव्य पेशीत कणरूपाने साठवितात. ते पचविणारी विकरे मातीतील व समुद्रातील अनेक जिवाणूंजवळ असल्यामुळे ते तेथेही कुजते. पॉलिलॅक्टिक आम्लाचे (पीएलए) तसे नव्हे. त्यातील लॅक्टिक आम्ल तेवढे जिवाणू तयार करतात. पुढील साखळी रासायनिक क्रियेने जोडली जाते. जेजुरी येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेला प्रात्यक्षिक प्रकल्प याच द्रव्याचा होय. ते लवकर कुजण्यास सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचा खतप्रकल्प लागतो. नाल्यात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. दोहोंस एकच विशेषण लावणे म्हणजे हा भेद पुसून टाकणे होय.

अब्जांश-तंत्रज्ञानात अशी संदिग्धता चालत नाही. पीएचबीच्या अब्जांश-कणांत औषध भरून ते शरीरात सावकाश सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. याच कुळातील द्रव्याच्या शस्त्रक्रियेतील धाग्यास अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळाली. तेथे विघटन कोठे आणि किती काळात, हे सांगितल्यावाचून विधानच पुरे होत नाही.

परिभाषा सांकेतिक असते, व्युत्पत्तीवरून तिचा न्याय करू नये, असा आक्षेप येथे संभवतो. प्रयोगशाळेपुरता तो मान्य आहे. परंतु पिशवीवरील शब्द वाचणारा त्या संकेतात सहभागी नसतो. तो ‘-शील’चा रूढ अर्थच घेतो आणि पिशवी निःशंकपणे गटारात टाकतो.

म्हणून ‘विघटनीय’ हा शब्द अधिक बरा. ‘-अनीय’ने केवळ शक्यता सूचित होते, आणि ‘खतप्रकल्पात विघटनीय’, ‘समुद्रजलात विघटनीय’ अशी अधिकरणाची जोड त्यास सहज मिळते. बाजारातील गिऱ्हाईक ‘ही कुठं कुजते?’ असे विचारील, तर त्याचे उत्तर पिशवीवरील शब्दातच असले पाहिजे.